टाळ ऐकू येतात का?

इअरफोनची परीक्षणं वाचायचं मला व्यसन आहे. विकत काही घ्यायचं नसतं, तरी वाचते. जेवताना वाचते, लोकलमध्ये वाचते, झोप येत नसली की हमखास वाचते. त्यामुळे त्यांची भाषा आता पाठ झाली आहे. बेस ‘पंची’ असतो, मिड्स ‘लश’ असतात, ट्रेबलमध्ये ‘स्पार्कल’ असतो किंवा नसतो. शेवटी एक तक्ता येतो : आवाज दहापैकी आठ, कम्फर्ट दहापैकी सात, बांधणी सात, पैसे वसूल नऊ. मग खाली खरेदीची लिंक.

माझं भांडण त्या तक्त्याशी आहे. आवाजाला एक रकाना आणि कम्फर्टला दुसरा, ही मांडणीच मला चुकीची वाटते. कानात घालायच्या वस्तूचा आवाज ती कानात कशी बसते यावरच ठरतो. आणि ती नीट बसली नाही तर आपण जे करतो, म्हणजे आवाज वाढवतो, त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात नसतो. मला तो हिशेब गेल्या वर्षी एका कागदावर बघायला मिळाला.

पावसाळ्यात माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. बारीक, चार घरं सोडून कुणाचा तरी कुकर झाला असावा तशी. फक्त ही थांबत नव्हती. रात्री दिवे मालवले की जास्तच. आठ दिवस वाट बघून डॉक्टरकडे गेले. कानात मळ नव्हता, सूज नव्हती. त्यांनी ऑडिओमेट्री करायला पाठवलं. त्यात एका बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आणि बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं असतं. शेवटी आलेख हातात मिळतो. माझ्या उजव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सरळ होती. डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खाली गेली होती आणि ८००० पाशी परत वर आली होती. लहानसा खड्डा. तपासणाऱ्या बाईंनी कागदाकडे बघत विचारलं, “कारखान्यात कामाला आहात का?”

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते. पण तो खड्डा माझ्या ओळखीचा होता. माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर होते. एका माणसानं चार-सहा माग सांभाळायचे, आणि धोटा पाळीभर या टोकाकडून त्या टोकाला आपटत राहायचा. कानात फार तर कापसाचा बोळा, तोही आठवण झाली तर. त्यांच्या फाइलीतल्या आलेखातही रेघ तिथंच घसरते. फरक इतकाच की त्यांच्या दोन्ही कानांत घसरते आणि परत वर येत नाही. त्यांना तो आवाज नको असला तरी घ्यावा लागला, कारण पगार त्यातूनच यायचा. मी स्वतःच्या पगारातून कारखाना विकत घेऊन कानात घातला होता.

मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या शंखातल्या केशपेशी मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. बहुतेक वेळा पहिला मार ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यावर बसतो. या पट्ट्यात बोलण्यातले स, श, च, त असे वर्ण वस्तीला असतात. ते गेले की आवाज येत राहतो, शब्द मात्र सुटत नाही. अण्णांचं वाक्य ठरलेलं आहे : “ऐकू येतंय गं, कळंना झालंय.” संगीतात याच पट्ट्यात आणि त्याच्या वर तंबोऱ्याची जवारी असते, तबल्याच्या ‘ना’ची धार असते, आणि अभंगातले टाळ असतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं हिशेब सोपा करून ठेवला आहे. मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला जेमतेम ४. डोंबिवलीहून सीएसएमटीला मला सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला १५ तास. लोकलमध्ये गाणं खडखडाटाच्या वर ऐकू यावं म्हणून मी जो आवाज ठेवत होते तो ८६ धरला, तरी माझी आठवड्याची शिधापत्रिका गुरुवारी संध्याकाळीच संपत होती.

तेव्हापासून इअरफोनची तुलना करताना मी एकच प्रश्न आधी विचारते : हा घातल्यावर मला आवाज किती वाढवावा लागतो?

*

गंमत अशी, की इन-इअर प्रकाराची सुरुवातच या प्रश्नाच्या आसपास झाली. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला तेव्हा त्याच्याबरोबर कानावर टेकणारे, स्पंजच्या गाद्यांचे हेडफोन होते. कानाच्या नळीत घालायचा, गाणी ऐकण्यासाठी बनवलेला इअरफोन म्हणून आज ज्याचं नाव पहिल्यांदा निघतं तो एटिमोटिक रिसर्चचा ईआर-४, तो १९९१ चा. ही कंपनी मीड किलियन या इंजिनियरनं १९८३ साली काढली. हा माणूस मूळचा श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातला. ईआर-४ मध्ये आवाज काढणारा भाग, बॅलन्स्ड आर्मेचर, हाही श्रवणयंत्रातून आलेला : दोन चुंबकांच्या मधे एक चिमुकली धातूची पट्टी हलते आणि तिला जोडलेला पडदा हवा ढकलतो. म्हणजे आपण फॅशन म्हणून जे कानात घालतो त्याचं आजोळ म्हाताऱ्यांच्या कानामागच्या यंत्रात आहे.

दुसरं घराणं रंगमंचाचं. १९९५ च्या सुमाराला जेरी हार्वी या साउंड इंजिनियरनं ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्यावरून मॉनिटर बनवले, आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याआधी गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्यांच्या पायाशी स्पीकर असत. ड्रम मोठा, म्हणून स्पीकर मोठा, म्हणून गिटार मोठी, अशी चढाओढ चाले. कान बंद करून आत हवा तेवढाच आवाज सोडणं हा त्यावरचा उतारा होता.

दोन्ही घराण्यांत पहिलं काम बाहेरचं थोपवणं हे होतं. आत सुंदर वाजवणं हे त्याच्या जोडीचं काम. आपण खरेदी करताना हा क्रम उलटा करतो.

*

आता ‘नीट बसणं’ म्हणजे काय ते बघू.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर एक ठरावीक सूर निघतो, तशी ही नळी २५००-३००० हर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते. आपण जन्मापासून जग असंच ऐकतो, त्यामुळे ती वाढ आपल्याला कळतही नाही. इन-इअरनं नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक वाढ बिघडते. मग ती इअरफोनमध्ये मुद्दाम भरून काढावी लागते. कमी भरली तर गायिका पडद्याआड बसून गाते. जास्त भरली तर ती तार सप्तकात कानाशी ओरडते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच श्रोत्यांना बसवून, लोकांना कोणता समतोल आवडतो याचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या ‘हरमन टार्गेट’च्या जवळपास आज कितीतरी स्वस्त इअरफोन ट्यून केलेले असतात.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या कानात. तिथं रबरी टोपी कृत्रिम नळीत घट्ट बसवलेली असते. तुमच्या-माझ्या कानात टोपीच्या कडेला केसाएवढी फट राहिली, तरी पहिल्यांदा बेस निघून जातो. खालचे सूर फटीतून सुटतात, वरचे राहतात. मग आपण म्हणतो, ‘या इअरफोनला बेसच नाही, नुसता टोचतो.’ ऑनलाइन रिव्ह्यूमधल्या अशा किती तक्रारी खरं तर टोपीच्या मापाच्या असतील!

मी स्वतः पाच वर्षं डब्यातून आधीच लावून आलेल्या एम टोप्या वापरल्या. डावा इअरफोन सतत सैल, म्हणून तो दाबून दाबून कानाची कड दुखायची. तरी बदलल्या नाहीत. पिशवीतल्या बाकीच्या टोप्या जादाच्या असतात अशीच माझी समजूत होती. ऑडिओमेट्रीनंतर एक दिवस बसून सगळ्या लावून बघितल्या. माझ्या उजव्या कानाला एम लागते आणि डाव्याला एस. दोन कान सारखे असतातच असं नाही. बायकांच्या कानाची नळी सरासरीनं पुरुषांपेक्षा अरुंद असते, आणि परीक्षणं करणारे बहुतेक पुरुष असतात. ‘कम्फर्ट दहापैकी नऊ’ हे वाचताना मला आता पहिल्यांदा विचारावंसं वाटतं : कुणाच्या कानात?

डाव्या कानात एस टोपी बसली त्या दिवशी तंबोरा दोन्ही बाजूंनी सारखा वाजला. तोवर तो माझ्या डोक्यात कायम उजवीकडे कललेला असायचा, आणि मी त्याचा दोष रेकॉर्डिंगला देत होते.

*

तुलना करायला चार इअरफोन जमवले. दोन माझे, एक भावाचा, एक ऑफिसातल्या मैत्रिणीचा. (दुसऱ्याचा घेताना टोपी स्पिरिटनं पुसा किंवा आपली लावा.) चौघांच्या तऱ्हा चार.

एक, मूनड्रॉप चू. २०२२ साली २० डॉलरच्या आसपास आलेला, धातूच्या छोट्या कवचाचा, वायर कानावरून मागे घ्यायचा. दोन, फायनल ई३०००. स्टीलची चिमुकली नळकांडी, सरळ खाली लोंबणारी, मागच्या बाजूला जाळी. तीन, शुअर एसई२१५. रंगमंचाच्या घराण्यातला, कानाच्या खोलगटात आडवा बसणारा, फोमच्या टोप्यांसकट. चार, एटिमोटिक ईआर३एक्सआर. बारीक, आणि छत्रीसारख्या तीन पाकळ्यांची टोपी, जी नळीत बरीच आत जाते.

ऐकायला तीन गोष्टी ठरवल्या. नुसता तंबोरा. केसरबाई केरकरांची भैरवी, तीच जी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. आणि अण्णांच्या आवडीची भीमसेन जोशींची संतवाणी.

आधी रात्री, घरी, पंखा बंद करून.

तंबोरा ही इअरफोनची फार कडक परीक्षा आहे, कारण त्यात लपायला जागा नाही. तार घोडीच्या वक्र पृष्ठावर हलकेच घासत राहते, मधे दोरा सरकवून जवारी लावलेली असते, आणि त्यातून एका सुराच्या पोटातून वरचे सूर उमलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं : तार जिथं छेडली तिथल्या हिशेबानं जे उपस्वर यायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात येतात. आमच्या गावापासून तासाभरावरच्या मिरजेत हे वाद्य बनतं. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढ्या कारागिरीनं लावलेली जवारी इअरफोननं पुसून टाकली, तर उरते नुसती गुणगुण.

ई३००० वर तंबोरा सगळ्यात प्रेमळ वाटला. ऊबदार, रुंद, जवारीची टोकं जराशी घासून गुळगुळीत केलेली. डोळे मिटून पडायला हाच. चूवर उपस्वर एकेक मोजता आले, पण खर्जाची तार थोडी दूर गेली. एसई२१५ वर उलट : खर्ज भारी, आणि वरचं उमलणं झाकलेलं. ईआर३एक्सआर सगळ्यात स्वच्छ. प्रत्येक तार स्वतंत्र, कुठलीच पुढे-पुढे करत नाही. पण पहिली दहा मिनिटं कानात कुणी बोट घालून बसलंय असं वाटत राहतं. इतकं आत जाणं सगळ्यांना मानवत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

केसरबाईंची तबकडी साडेतीन मिनिटांची, एकाच बाजूनं येणारी, म्हणजे मोनो. हेडफोनमध्ये मोनो आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहतो. जुन्या तबकडीची खरखर वरच्या पट्ट्यात असते, आणि केसरबाईंच्या तानेची धारही तिथंच. चूनं दोन्ही समोर आणून ठेवलं : तान लखलखीत, खरखरही लखलखीत. एसई२१५ नं खरखर दाबली, तिच्याबरोबर तानेचे काठही बोथट केले. पंधरा मिनिटांनंतर मी चूवर आवाज एक पायरी खाली आणला, एसई२१५ वर एक पायरी वर नेला. इथं कोण बरोबर आणि कोण चूक असा निकाल लागत नाही. पण रोज जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यानं ट्रेबलमध्ये ‘स्पार्कल’ शोधत जाऊ नये, एवढं नक्की.

संतवाणीत मी टाळ शोधत होते. चू आणि ईआर३एक्सआरवर टाळांची किणकिण सुटी, तिला शेपूट असलेली. ई३००० वर आहे, पण गाण्याच्या मागे, देवळाच्या ओवरीत. एसई२१५ वर ठेका कळतो, धातू कळत नाही.

इथवर हे नेहमीसारखं परीक्षण झालं, आणि घरात बसून निकाल द्यायचा तर मी ई३००० आणि ईआर३एक्सआर यांच्यात घुटमळले असते. पण आपण ऐकतो कुठे? म्हणून पुढचा आठवडा लोकल.

*

चार वेगवेगळ्या इअरफोनचे आवाजाचे आकडे थेट ताडून चालत नाहीत. ई३००० ला मुळातच जास्त रेटा लागतो, फोनवर दहावर ठेवलं तरी कानात आवाज कमीच असू शकतो. म्हणून मी साधी युक्ती केली. प्रत्येक इअरफोनवर रात्री घरी ज्या पायरीवर संतवाणीतला शब्दन्‌शब्द आरामात कळतो ती पायरी लिहून ठेवली. मग कोपर गेल्यावर, गाडीनं वेग घेतल्यावर, तेच गाणं तितकंच कळायला किती पायऱ्या चढावं लागतं ते मोजलं. माझ्या फोनवर एकूण १५ पायऱ्या आहेत. या फरकाला मी ‘चढ’ म्हणते. प्रयोग तुम्हालाही करता येईल, फुकट आहे.

ई३००० : पाच पायऱ्या. मागच्या जाळीतून गाडी आत येते, आणि रुळांचा घरघराट खालच्या सुरांचा असल्यानं पहिला तंबोरा गिळतो. घरातला सगळ्यात प्रेमळ इअरफोन लोकलमध्ये मला सगळ्यात जास्त चढायला लावणारा ठरला. चू, डब्यातल्या एम टोप्यांसकट : चार. एसई२१५, फोमच्या टोप्या चिमटून बारीक करून आत घालून फुगू दिल्यावर : दोन. ईआर३एक्सआर : एक.

मग चूच्याच डाव्या कानाला एस टोपी लावून परत मोजलं. चढ दोनवर आला. त्याच वीस डॉलरच्या वस्तूनं, एक नवा पैसा न घालता, दोन पायऱ्या वाचवल्या. माझ्या मते या तुलनेतला सगळ्यात मोठा निकाल हाच आहे. मॉडेल बदलून जेवढं मिळतं त्यातलं बरंचसं टोपी बदलून मिळतं.

‘वायरलेस नॉइज कॅन्सलिंगचं काय?’ हा प्रश्न येणारच. २०१९ मध्ये एअरपॉड्स प्रो आल्यापासून ते तंत्र सगळीकडे झालं आहे, आणि लोकलच्या घरघराटावर ते उत्तम चालतं, कारण सलग आणि खालच्या सुरांचा आवाज उलट लाटेनं पुसायला सोपा असतो. पण त्यातही टोपी घट्ट बसली नाही तर सगळं फुकट. म्हणून तर अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये ‘टोपी नीट बसली का’ हे तपासायची सोय असते. कंपन्यांना कळलेलं आहे. आपणच ती पाटी ‘स्किप’ करतो.

*

एक मुद्दा बेसच्या बाजूनं. रसिक म्हणवणाऱ्या लोकांत बेस आवडणं हे जरा खालच्या दर्जाचं समजलं जातं. ‘डीजेवाले कान’ असा शब्द मी एका मैफलीत ऐकला आहे. पण १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त वेगानं कमी वाटू लागतात. म्हणजे हळू ऐकणाऱ्याला थोडा जादा बेस लागतोच, नाहीतर पखवाज पत्र्याचा वाटतो. आणि तो भरून काढायला माणूस सगळाच आवाज वाढवतो. तेव्हा थोड्या बेसवाला इअरफोन हळू आवाजात ऐकणं हे अगदी शहाणपणाचं आहे. अडचण थोड्या बेसची नाही, बेसनं शब्द झाकायला सुरुवात केली की अडचण.

आणि एक मुद्दा कान बंद करण्याच्या विरोधात. रात्री साडेनऊला डोंबिवली स्टेशनाबाहेर पडल्यावर मी ईआर३एक्सआर घालून चालणार नाही. मागून येणारी रिक्षा ऐकू येत नाही, मागून येणारी पावलंही नाहीत. शिवाय इतके आत जाणारे इअरफोन घालून चाललं, की स्वतःचीच पावलं डोक्यात धप्‌धप् वाजतात, आणि वायर ओढणीला घासली की खरखर. आम्ही मुली एकच कान घालून चालतो त्यात गाण्याचा अपमान नाही, सावधपणा आहे. पण एका कानानं ऐकताना आपण नकळत आवाज वाढवतो. माझा खड्डा डाव्या कानात का, याचं उत्तर मला तिथं सापडतं. उजवा कान रस्त्याला दिलेला असायचा. आता स्टेशन सोडलं की दोन्ही काढते. पंधरा मिनिटं गाण्याशिवाय चालता येतं, हा शोध तिसाव्या वर्षी लागला.

*

दिवाळीला इचलकरंजीला गेले. टीव्हीचा आवाज ४२ वर, खाली चौकातून ऐकू येईल इतका. आई सैपाकघरात दार लावून बसलेली. अण्णांना दोन वर्षांपूर्वी श्रवणयंत्र घेतलं आहे, भावानं हप्त्यांवर. ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये डबीत होतं.

“का घालत नाही तुम्ही?”

“काय म्हणालीस?”

“यंत्र! का घालत नाही?”

“टोचतंय गं. आन् शिट्टी मारतंय.”

पूर्वी मी म्हणाले असते, अण्णा, सवय करा. या वेळी डबी उघडून बघितली. यंत्राच्या टोकाला सिलिकॉनची छोटी टोपी होती. तशीच, आपल्या इअरफोनसारखी. मोठी, कडक, डाव्या बाजूला कड दुमडलेली. सैल बसलेल्या टोपीतून आवाज बाहेर गळतो, तो यंत्राच्या माइकला परत ऐकू येतो, आणि यंत्र शिट्टी मारतं. यंत्र दिलं तिथं दोन वर्षांत कुणी टोपी बदलून बघितली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं. चाळीस हजारांची वस्तू ड्रॉवरमध्ये पडली होती, कारण तिच्या टोकाचं काही रुपयांचं रबर चुकीच्या मापाचं होतं.

कोल्हापुरात एका ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन गेले. त्यांनी तीन मापं लावून बघितली, उजव्याला एक ठरली, डाव्याला दुसरी. यंत्राचं सेटिंगही थोडं हलवलं. येताना बसमध्ये अण्णा कुरकुरतच होते : “भांड्यांचा आवाज लई येणार आता.” आला. दोन दिवस आईनं पातेली आपटली की ते दचकायचे. इतक्या वर्षांनी वरचे सूर परत आले की ते आधी कर्कशच वाटतात. दिवसातून दोन तास घालायचं, मग तीन, असं ठरलं. हे यंत्र मेलेल्या पेशी जिवंत करत नाही. ‘कळंना झालंय’ हे अजूनही आहे, विशेषतः चार माणसं एकदम बोलायला लागली की. पण टीव्ही २६ वर आला. आईनं सैपाकघराचं दार उघडं ठेवलं.

भाऊबीजेच्या सकाळी मी फोनवर संतवाणी लावली. फोनच्याच स्पीकरवर, टेबलावर ठेवून. अण्णा पेपर वाचत होते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्यांनी पेपर खाली केला.

“अगं, ह्यात टाळ हायत की.”

मी म्हणाले, आहेत ना. पहिल्यापासून आहेत.

“आरं तिच्या,” म्हणाले, आणि परत पेपर वर घेतला. पण पान उलटलं नाही.

तेव्हा इअरफोन कुठला घेऊ, असं कुणी मला विचारलं, तर माझं उत्तर थोडं लांबतं. घरात शांत ऐकायचं असेल तर ई३०००सारखा मोकळा, मऊ इअरफोन खुशाल घ्या. रोज गाडीनं जात असाल तर कान नीट बंद करणारा घ्या, मग तो दिसायला कसाही असो. पैसे कमी असतील तर चूसारखा घ्या आणि उरलेल्या पैशांत तीन-चार प्रकारच्या टोप्या. काहीही घेतलं तरी एका संध्याकाळी बसून सगळ्या टोप्या लावून बघा, दोन्ही कानांना वेगवेगळ्या. मग चढ मोजा. तीन पायऱ्यांच्या वर असेल तर तो इअरफोन कितीही गोड वाजो, प्रवासात नेऊ नका. आणि कानात शिट्टी वाजत असेल तर आठ दिवस वाट बघू नका, जशी मी बघितली.

माझी शिट्टी पूर्ण गेलेली नाही. दिवसा विसरते, रात्री आठवते. जानेवारीत परत तपासणी झाली, खड्डा होता तेवढाच आहे. डाव्याला एस, उजव्याला एम. लोकलमध्ये फोन सहाच्या वर जात नाही, आणि सहावर टाळ ऐकू येतात.